उतारावरचा गिअर

गिअरबॉक्सच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. गाडी फाटकातून आत येईस्तोवर कुठल्या गिअरचा दात झिजलाय ते तो आवाजावरून सांगायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत.

एकुलत्या एका लेकीला गाडी त्यानेच शिकवली. टेबलावर दोन दातेरी चाकं मांडून आधी हिशेब समजावला. "पहिल्या गिअरला इंजिन साडेतीन फेरे मारतं, तेव्हा बाहेरचा दांडा एकदा फिरतो. जोर जास्त, वेग कमी. पाचव्याला तेच काम पाऊण फेऱ्यात. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकायचा, इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. नुसत्या ब्रेकच्या जिवावर उतरायचं नाही."

"बाबा, स्वयंपाकही असाच शिकवला असतात, तर सासरी नाव काढलं असतं," लेक हसायची.

पुढे तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा कानसेननेच हुडकून एक जुनी ऑटोमॅटिक आणली, तपासली, तेल बदललं.

"हिला सहा गिअर," तो म्हणाला. "पहिल्याला चार फेऱ्यांना एक, शेवटच्याला पाऊण फेराही लागत नाही. पल्ला मोठा, आणि बदलायचं काम गाडीचं. तू दांडी 'डी' या अक्षरावर टाक आणि निवांत बस."

"आणि डीच्या खाली हा 'एल' कशाला?"

"ते सांगतो नंतर," असं म्हणत तो हात पुसत गिऱ्हाइकाकडे वळला. ते नंतर राहूनच गेलं.

पाच आठवड्यांनी लेक नातीच्या शाळेच्या कामासाठी एकटीच डोंगरापलीकडे निघाली. अकरा किलोमीटरचा उतार. पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला, तशी गाडीने शहाण्यासारखा वरचा गिअर टाकला, मग त्याच्याही वरचा. इंजिन जेमतेम फिरत होतं. धरून ठेवायला काही उरलंच नाही. लेक ब्रेक दाबत राहिली. शेवटून दुसऱ्या वळणावर ब्रेकांनी जीव सोडला.

तेरावा दिवस उलटला तसा जावई मोडकी गाडी क्रेनने घेऊन आला. "बाबा, खोला हिला. आत काहीतरी तुटलं असणार. ती चुकणारी नव्हती."

कानसेनने तीन दिवस खपून गिअरबॉक्स सुटा केला. दाता न् दाता भिंगाखाली पाहिला. एखादी चीर, एखादी जळकी प्लेट मिळू दे, असं तो मनातल्या मनात विनवत होता. तेल नव्यासारखं लालभडक आणि स्वच्छ होतं. चाकांचे ब्रेक-पॅड मात्र लोखंडापर्यंत जळले होते.

चौथ्या दिवशी जावई आला. दारात लेकीची आई उभी होती.

"दोष नाही," कानसेन म्हणाला. "एलवर टाकलं असतं तर गाडी खालच्या गिअरमध्ये राहिली असती. तिने विचारलं होतं. मी सांगितलं नाही."

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं," जावई एवढंच म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो आला नाही, नातीलाही पाठवलं नाही.

"दुसऱ्या कोणाला तरी दाखवा," बायको म्हणाली. "दुःखात माणसाची नजर चुकते."

"चुकली नाही गं."

"एकदा दाखवा तरी!"

त्याने दाखवलं. त्याच्याच हाताखाली शिकून मोठा झालेला फिटर आला, त्याने तासभर पाहिलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "काका, ठणठणीत आहे." बायको आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ती ताट वाढायची, पण बोलायची नाही.

गिअरबॉक्स तसा सुटा ठेववेना, म्हणून कानसेनने एकेक चाक पुन्हा जागेवर बसवलं, बोल्ट मोजून आवळले. जोडून झाल्यावर दांडा हाताने फिरवला. आतली सगळी चाकं लोण्यासारखी फिरत होती. कुठल्याही गाडीत बसवावा इतका तो चांगला होता.