आसरांचं पाणी

मातीच्या तपासणीला माणसानं भिण्यासारखं काय असतं? पण चोराच्या मनात चांदणं. २००५ साली कृषी महाविद्यालयाची शीला निरगुडसरला माती न्यायला आली, तेव्हाच तिथला कांदेवाला शेतकरी धर्माजी धास्तावला. तिनं ओढ्याकाठच्या झाडीतली, गवताळ माळावरची आणि माळाखालच्या धर्माजीच्या कांद्याच्या वावरातली माती नेली. महिन्यानं ती निकाल सांगायला वावरात आली.

"झाडं कार्बन खोडात साठवतात, तो दिसतो. गवत जमिनीखाली मुळांत साठवतं. सगळ्यांत जास्त साठवते पाणथळ. पाण्याखाली पालापाचोळा पुरता कुजत नाही, शेकडो वर्षं चिखलात राहतो. तुमच्या वावराच्या तळाशी तसला काळा थर आहे. वरचा उडून गेलाय."

"उडून कुठं?" धर्माजीनं विचारलं.

"हवेत. पाणी हटलं की चिखलात हवा शिरते, साठा संपत जातो. इथलं पाणी गेलं कसं?"

कसं गेलं, ते धर्माजीला पक्कं ठाऊक होतं. दहा वर्षांमागं नवसू धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला असताना यानंच चर खणून इथल्या पाणथळीचं पाणी ओढ्यात सोडलं. चर कुणाला दिसू नये, पण पाणी झिरपत राहावं म्हणून त्यात दगड भरले, वर माती ओढली. जमीन याचीच, पण उन्हाळ्यात नवसूची मेंढरं तिथल्या लव्हाळ्यावर जगायची, हा बापजाद्यांचा शब्द होता. नवसू परतल्यावर धर्माजी म्हणाला, "पाण्यातल्या आसरादेवी कोपल्या, पाणी घेऊन गेल्या." नवसूनं त्याच साली मेंढरं विकली.

आता नवसूची बायको भिमाबाई याच वावरात रोजानं खुरपत होती. तिनंच शीलाला उत्तर दिलं. "आसरा गेल्या, बाई. दर चैतात हिरव्या बांगड्या, दहीभात ठिवते. राग जाईना."

दहीभाताचं दही धर्माजीच्याच घरचं असायचं. देताना त्याला लाज वाटायची. पण कांदा झकास यायचा, मग लाज तेवढ्यावर निभायची. आज निभेना.

"आसरा न्हाई, भिमाबाई," तो म्हणाला. "म्या चर खणला व्हता."

खुरपं थांबलं. तिनं शिव्या घालाव्यात, असं त्याला फार वाटलं.

"धनगरवाड्यावर समदी म्हणत्यात, म्या विटाळशी पाण्यात उतरले म्हणून आसरा गेल्या," ती हळू म्हणाली. "धा वरसं मीबी तेच खरं मानलं, भाऊ."