झ्वोन्कोची उलटी भरारी

“सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. कुणीच ठेवणार नाही. मी स्वतः तिथे नसतो, तर मीही ठेवला नसता!”

असं म्हणून झ्वोन्को बारिशिचने बिअरच्या ग्लासात नळी बुडवली, तोंडावर बांधलेल्या लाल रुमालाची कड जराशी उचलली, नळीचं दुसरं टोक आत सारलं आणि डोळे मिटून लांबलचक घोट ओढला.

वर कूबर पेडीच्या रस्त्यावर शेहेचाळीस डिग्रीचं ऊन नुसतं नाचत होतं. खाली, डोंगराच्या पोटात कोरलेल्या क्लबात मात्र माठातल्यासारखा गारवा होता. जानेवारी म्हणजे इकडचा भर उन्हाळा, त्यामुळे ओपल रत्नांच्या खाणी बंद. मग गावातल्या म्हाताऱ्यांना उद्योग तीनच: बिअर पिणं, थापा मारणं, आणि भिंतीला लावलेल्या दोन कॉम्प्युटरांवर बसून गेममध्ये एकमेकांना गोळ्या घालणं. तिन्हीत झ्वोन्को पटाईत होता. निदान पहिल्या दोनांत तरी.

“आधी तो रुमाल कशाला ते सांग,” काउंटरमागून नेरिडा म्हणाली. नेरिडा शनिवार-रविवार बार सांभाळायची आणि बाकीचे दिवस सुरुंगाच्या दारूचा ट्रक चालवायची, त्यामुळे तिला कशाचंच भय नव्हतं.

“धूळ. छातीत धूळ गेलीय.”

“खाणी बंद आहेत की.”

“जुनी धूळ आहे. गेल्या वर्षीची. आता वर यायला लागलीय.”

लाझो फसकन हसला. तो तिशीतला ड्रिलवाला, बारिशिचांच्याच गावाकडचा, म्हणून झ्वोन्कोला ‘बार्बा’ म्हणजे काका म्हणायचा. “बार्बा, धूळ राहू दे. पैजेचं काय झालं ते बोल!”

पैज साऱ्या गावाला ठाऊक होती. झ्वोन्को आणि ग्रीक थानासिस, दोघांच्याही मिशा चाळीस वर्षांच्या. झ्वोन्कोची तर अशी, की पर्यटक आधी तिचा फोटो काढत, मग चर्चचा. बुधवारी दोघांचं जुंपलं. उडत्या लढाईच्या त्या गेममध्ये मीच खरा, नाही मीच खरा. शेवटी थानासिसने टेबलावर मूठ आपटली, “हरेल तो मिशी उतरवेल!” गुरुवारी भर दुपारी, क्लब रिकामा असताना दोघे खेळले. शुक्रवारच्या बसने थानासिस दाढ काढायला ॲडलेडला गेला, तो मंगळवारी परतणार होता. म्हणजे आजचा रविवार धरून झ्वोन्कोच्या हाती उरले दोन दिवस. गोष्ट जो आधी सांगतो, गाव त्याचं. मंगळवारची बस गावात शिरायच्या आत ही गोष्ट मुळं धरून उभी राहायला हवी होती.

“तर ऐका,” झ्वोन्को म्हणाला. “तीन विरुद्ध तीन. थानासिसकडे त्याचे ॲडलेडचे दोन भाचे. माझ्याकडे इंटरनेटवर भेटलेल्या फिजीच्या दोघी बहिणी. मला आजोबा म्हणतात, पण गोळी अशी घालतात की बापरे! मैदान कसं? मधे खोल दरी, दरीवर एक पूल, पलीकडे थानासिसचा किल्ला. किल्ल्यामागे झेंडा. झेंडा उचलला की जिंकलो.”

“मग पुलावरून जायचं,” लाझो म्हणाला.

“पुलावरून गाढवं जातात! पाठीला उडायचं जेटपॅक कशाला दिलंय? पोरींना म्हटलं, तुम्ही पुलावर धुमाकूळ घाला. ढोल बडवल्यासारख्या गोळ्या झाडा. समोरून गोंगाट झाला की माणूस समोर बघतो, आणि समोर बघणाऱ्याच्या डोक्यावरून हत्ती नेला तरी त्याला कळत नाही. मी डावीकडून वर जातो, त्यांना वळसा घालून मागे उतरतो.”

“चालेल कसं?” नेरिडाने ग्लास पुसता पुसता विचारलं. “ॲडलेडची पोरं बघणार नाहीत वर, खरं. पण थानासिस खाणवाला आहे. तो जेवतानासुद्धा छताकडे बघतो.”

झ्वोन्कोने तिच्याकडे कौतुकाने बोट रोखलं. हा प्रश्न यावा म्हणून तर तो कधीपासून टपला होता. “शाबास! छताला तडा गेलाय का हे बघत ज्याचा जन्म गेला, त्याच्या डोक्यावरून उडायचं म्हणजे चेष्टा नाही. म्हणून मी काय केलं? सूर्य पाठीशी घेतला.”

“गेममधला सूर्य?”

“गेममधलाच! खाणीतून वर आलेल्या माणसाला ऊन दिसलं की तो काय करतो? डोळे मिचकावतो. थानासिसने वर पाहिलं, पडद्यावर सूर्य दिसला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने गड्याने डोळे घट्ट मिटले! माझ्या शेजारच्याच खुर्चीत! मी तिरक्या नजरेने पाहिलं ना. लिंबू चावलेल्या मांजरासारखा चेहरा!”

लाझोने मांडीवर थाप मारली. झ्वोन्कोला चेव चढला. आता बसून सांगणं शक्यच नव्हतं. तो स्टुलावरून उतरला, मान वळवून मागची जमीन पाहिली, मगच एक पाऊल मागे सरकून त्याने दोन्ही हात पंखांसारखे पसरले. त्याच वेळी नेरिडाही ट्रे घेऊन निघाली. काउंटरपासून मागे सरकताना तिनेही आधी मागे पाहिलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. गावाभोवती झाकण नसलेली, तीस-तीस मीटर खोल विवरं ज्यांनी खोदलीत, ती माणसं न बघता मागे पाऊल टाकत नाहीत. बायकोपासून दूर सरकतानासुद्धा नाही. पर्यटकांसाठी तशा पाट्या लावलेल्या आहेत. गावकऱ्यांना पाटी लागत नाही.

“तर मी हवेत,” झ्वोन्को ओरडला, “आणि मधोमध, दरीच्या बरोब्बर वर, इंधन खलास! फुस्स! खाली दरी आ वासून बसलेली. आता?”

“आता मेलास,” लाझो म्हणाला.

“दुसरा कुणी असता तर मेला असता. मी खांद्यावरची तोफ काढली आणि स्वतःच्या पायाखालच्या कड्यावर डागली. धडाम! त्या धक्क्याने मी असा वर उडालो, असा, की पुलावरून त्या पोरी ओरडल्या, ‘आजोबा, विमानं सांभाळा!’ आवाज तर एवढा झाला की इथल्या छताची माती थानासिसच्या बिअरमध्ये पडली. विचारा त्याला.”

“मंगळवारी विचारूच,” नेरिडा म्हणाली.

झ्वोन्कोचा पंख जरा खाली आला, पण लगेच सावरला. “अवश्य विचार! पण तो काय, हरलेला माणूस, वाकडंच सांगणार. पुढे ऐक. मी सूर्यातून खाली आलो. किल्ल्याच्या गच्चीवर तिघंही उभे. त्यांच्या डोक्यावरून मी सरकलो, आणि सरकता सरकता हवेतल्या हवेत गिरकी घेतली. आता तोंड त्यांच्याकडे, पाठ झेंड्याकडे. ते माझ्यावर गोळ्या झाडतायत, मी त्यांच्यावर झाडतोय, आणि सगळा वेळ मी उलटा उडतोय. सरळ मागे! चाळीस मीटर! एक भाचा पडला, दुसरा पडला. थानासिस एकटा. मी मागे, मागे, मागे. नजर त्याच्या कपाळावरून हलवली नाही. आणि पाठीला झेंड्याची काठी टेकली! उचलला झेंडा! जिंकलो!”

लाझो उभा राहून टाळ्या पिटायला लागला. “बार्बा! बार्बा! आणि थानासिसची मिशी?”

“इथेच, ह्या काउंटरवर उतरवली. रडत होता बिचारा. मी म्हटलं, राहू दे मित्रा, पण शब्द म्हणजे शब्द.” झ्वोन्कोने सवयीने मिशीला पीळ द्यायला हात वर नेला, रुमालाला बोट लागलं, आणि त्याने त्या बोटाने कान खाजवला.

तो कधी नव्हे इतका खूश होता. गोष्ट रुजली होती. लाझो ती रात्रीच्या जेवणापर्यंत दहा घरी नेईल, उद्या पेट्रोल पंपावर दुप्पट होऊन परत येईल. मंगळवारी थानासिस बसमधून उतरेल तेव्हा लोक त्याच्याच मिशीला हात लावून बघतील, की खोटी चिकटवलीय काय!

नेरिडाने ग्लास खाली ठेवला. पुसायचं फडकं शांतपणे खांद्यावर टाकलं.

“चाळीस मीटर उलटा गेलास?”

“चाळीस. पंचेचाळीसही असतील.”

“आणि एकदाही मागे बघितलं नाहीस?”

“एकदाही नाही! नजर त्याच्या कपाळावर.”

“बरं,” नेरिडा म्हणाली. “इथून दारापर्यंत बारा पावलं आहेत. जमीन सपाट. हा क्लब कोरला तेव्हा तूच ती सपाट केलीस. माझ्याकडे बघत उलटा चालत जा. पोचलास तर आजची सगळी बिअर माझ्याकडून.”

“एवढंच?” झ्वोन्को हसला. छाती काढली, नजर तिच्या कपाळावर रोखली आणि उजवा पाय उचलला. पाय मागे गेला. हवेत थांबला. खाली टेकेना. झ्वोन्कोच्या कपाळावर घामाचा थेंब आला. आणि मग, झ्वोन्कोने दात-ओठ खाऊन कितीही धरून ठेवली तरी, त्याची मान आपली आपण हळूहळू फिरली आणि डोळ्यांनी मागची जमीन बघून घेतली.

“बघितलंस!” नेरिडा एवढ्याने ओरडली की खरोखरच छताची थोडी माती पडली. “इथे बघितलंस, आणि तिथेही बघितलंस! झेंड्याला चार हात उरले असताना वळून बघितलंस, आणि थानासिसने तुझ्या पाठीत गोळी घातली. काढ तो रुमाल, झ्वोन्को!”