दादाची चाल

दादा आणि धाकटीनं मिळून बनवलेलं यंत्र बघायला येणारी माणसं आधी हसायची. हसणारच, कारण बघण्यासारखं काही नव्हतंच. दाराच्या आत, बोळात अंथरलेली रबरी पट्टी, तिच्याखाली वजन ओळखणारे बटणाएवढे तुकडे आणि भिंतीवर जुन्या रेडिओतून काढलेला स्पीकर. पण पट्टीवरून घरातलं कोणी चाललं, की यंत्र पावलं ओळखून नाव सांगायचं. आजोबांना हल्ली काही आठवेनासं झालं होतं. सगळ्यांचा डोळा चुकवून ते बाहेर पडत आणि मग घरदार त्यांना शोधत गल्लोगल्ली फिरे. त्यावरचा हा खटाटोप.

यंत्राला आवाज दादाचा होता. नुकताच फुटलेला, त्यामुळे त्याला त्याचं भारी कौतुक. "आजोबा निघाले, पकडा!" "बाबा आले, टीव्ही बंद करा." "धाकटी आली, सांभाळून." "आई आली." आणि स्वतःच्या पावलांसाठी नुसतं, "मी आलो." सुरुवातीला यंत्रानं शेजारच्या बोक्यालाही आजोबा ठरवलं होतं. मग दोघांनी डोकं खाजवून ते सुधारलं. डोकं धाकटीचं, हात दादाचे, आणि श्रेय कोणाचं यावरून दोघांची रोज जुंपायची.

मग तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. आठवडासुद्धा लागला नाही.

घर मुकं झालं. बोलायचं ते यंत्रच. बाबा कामावरून आले की भिंतीतून मुलगा टीव्ही बंद करायला सांगायचा, आणि बाबा बूट न काढता तसेच उभे राहायचे. "काढून टाक ते," एकदा ते धाकटीला म्हणाले. तिनं ऐकलं नाही. शालेय संशोधन स्पर्धेच्या अंतिम फेरीत यंत्राची निवड झाली होती. जिंकलं तर संशोधक म्हणून दोघांची नावं पुकारली जाणार, छापून येणार. दादाचं नाव शेवटचं लिहिलं गेलं होतं ते मृत्यूच्या दाखल्यावर, आणि ते तिथेच संपावं हे तिला सहन होत नव्हतं. विज्ञानाच्या बाईंनी तिला बजावलं होतं, परीक्षकांसमोर यंत्र एकदाही चुकता कामा नये.

आणि नेमकं यंत्र चुकायला लागलं.

त्या दुपारी शाळा लवकर सुटली. ती जिन्यात असतानाच आतून आवाज आला, "मी आलो." मागोमाग आजोबांचा खुशीतला आवाज, "आलास? बस, बस." तिनं कसंबसं दार उघडलं, तर बोळात कोणी नाही. आई स्वयंपाकघरात भांडी विसळत होती.

"आई, आत्ता ऐकलंस?"

"काय?" आई पाठमोरीच म्हणाली.

धाकटीनं तुकडे बदलले, तारा बदलल्या. बाई म्हणाल्या, ओल धरली असेल. आणखी एकदा तसंच झालं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "त्याची चाल यंत्रातून पुसून टाक ना. जो माणूस घरात..." पण धाकटीला पुसवेना. विज्ञानाचं बक्षीस मिळवायला निघालेली ही शहाणी मुलगी आता बोळातून जाताना भिंतीला चिकटून चालायची. कोणाच्या वाटेत येऊ नये म्हणून!

शेवटी एक दिवस ती शाळेत जाते म्हणून निघाली आणि जिन्यातच बसून राहिली. दुपार झाली. आवाज आला तशी तिनं किल्ली फिरवून दार ढकललं.

बोळात आई होती. पायांत दादाचे बूट. साडी घोट्यांच्या वर खोचलेली, खांदे पुढे झुकवलेले, आणि डावा पाय ती किंचित ओढत होती. सायकलवरून पडल्यापासून दादा ओढायचा, अगदी तसाच. नुसत्या बुटांनी यंत्र फसलं नसतं, हे धाकटीपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? ती चाल आईनं शिकून घेतली होती. मुलगा बोलेपर्यंत, कितीतरी दुपारी, एकटीनं.

"आई, अगं तुझ्यासाठी पण त्याचाच आवाज आहे. 'आई आली' म्हणतो की तो."

"तेव्हा तो नुसता सांगतो गं," आई म्हणाली. "हे वाजलं की तो येतो."

धाकटी रागावली, रडली, मग तिनं स्पर्धेची आण घातली. आईनं मुकाट्यानं बूट काढून माळ्यावर टाकले. "नाही करणार पुन्हा," ती म्हणाली, आणि तिनं शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी धाकटीनं पट्टी गुंडाळून शाळेच्या प्रयोगशाळेत नेली. यंत्राचं दुखणं सापडलं या आनंदात ती होती. घरी आता काही वाजत नव्हतं आणि आई कशी चालते तिकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

अंतिम फेरीला सभागृह खचाखच भरलं होतं. यंत्राला घरच्यांचीच पावलं ठाऊक, म्हणून सगळ्या घराला बोलावलं होतं. पट्टीवरून बाबा गेले. "बाबा आले, टीव्ही बंद करा." लोक हसले. आजोबा गेले, तसा आणखी मोठा हशा पिकला. बाई कोपऱ्यातून अंगठा दाखवत होत्या. मग आई आली. पायांत स्वतःच्याच साध्या चपला, साडी नीट.

"मी आलो."

बाबांनी डोळे मिटून घेतले. मुख्य परीक्षक, करड्या केसांच्या, तोलूनमापून बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "हा आवाज कोणाचा?"

"माझ्या दादाचा. यंत्र आम्ही दोघांनी बनवलंय. तो आता नाहीये."

"मग हे चुकलं म्हणायचं का?"

धाकटीनं आईकडे पाहिलं. हो म्हटलं तर दादाचं नाव गेलं. नाही म्हटलं तर आईच्या त्या दुपारी भरल्या सभेत चव्हाट्यावर येणार. आईनं कधी कोणासमोर डोळ्यांतून पाणीसुद्धा काढलं नव्हतं.

"चुकलं नाही," धाकटी म्हणाली, आणि तिनं सगळं सांगून टाकलं. बूट, दुपारी, ओढलेला पाय. आई मान खाली घालून ऐकत होती.

"पण आत्ता बूट नाहीत," परीक्षक म्हणाल्या. मग आवाज मऊ करून आईला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या नेहमीच्या चालीनं चालाल?"

आई पुन्हा चालली. "मी आलो." ती मागे फिरली, पदर सावरला, जपून एकेक पाऊल टाकलं. "मी आलो." तिसऱ्यांदा ती पट्टीच्या मधोमध थांबली.

"मी मुद्दाम नाही करत हो," आई म्हणाली. "माझी कशी होती तेच आठवत नाही."

धाकटीला आत्ता कळलं. रोज एका ताटात जेवल्यासारखं ज्या घरात आपण राहिलो, तिथे हे होत होतं आणि आपण तारा तपासत बसलो होतो. परीक्षकांनी खाली वाकून आईचं पाऊल पाहिलं, धाकटीच्या संगणकाच्या पडद्यावर उमटलेली चालीची रेघ पाहिली, आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पहिला क्रमांक त्यांचाच आला. दोघांची नावं पुकारली, दादाचं आधी. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. त्याच्या नावाचं पदक घ्यायला कोणी जावं, हे ठरवलंच नव्हतं. बाबा उठायच्या आत आई उठली. खांदे पुढे झुकवून, डावा पाय जरासा ओढत, ती रांगांमधून व्यासपीठाकडे निघाली. मागून पाहताना धाकटीला एकाएकी भीती वाटली. जे मागितलं ते मिळालं होतं, आणि घरातून आणखी एक माणूस चाललं होतं.

"आई!" ती मागे धावली. आई थांबली नाही. "आई, थांब ना!"

टाळ्या चालूच होत्या, पण इतक्या जवळून हाक ऐकू येणार नाही असं नव्हतं. धाकटीच्या तोंडून नकळत निघून गेलं, "दादा!"

आई लगेच वळली आणि हसली.