एकाचा नऊ

मी मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या गर्दीतला एक दगड बोलतोय. मला लघुग्रह म्हणतात. ग्रह म्हणून मान द्यायचा आणि लगेच लघु म्हणून तो काढून घ्यायचा, ही माणसांची खोड. कधीकाळी मी एका मोठ्या गोळ्याचा भाग होतो. टक्कर झाली, तुकडे झाले, तेव्हापासून सूर्याभोवती फिरतोय. एका फेरीला चार वर्षं आणि वर थोडे महिने लागतात. तोवर माझी काही तक्रार नव्हती. ती सुरू झाली माणसांनी मला पाहिल्यावर.

पाहिलं ते एका बाईनं, भर दुपारी, जेवणाचा डबा बाजूला सारून. वेधशाळेच्या मोजणीच्या खोलीत ती काचांवर उतरवलेले आकाशाचे फोटो तपासायची. डोळ्याला सतत भिंग, म्हणून सगळे तिला भिंगताई म्हणत. दोन वेगवेगळ्या दिवसांच्या काचा शेजारी ठेवल्यावर एक ठिपका जरासा सरकलेला तिला दिसला. तो मी.

मोठ्या साहेबांना तेजोमेघांचे फोटो हवे असत. त्यात आम्ही उमटलो की ते आम्हाला आकाशातले ढेकूण म्हणत. नाव ठेवायला माणसांना वर्षं लागतात. नावं ठेवायला मात्र ती एका पायावर तयार असतात.

नाव मिळायचं तर नुसतं दिसून भागत नाही. माझ्या कक्षेचं गणित करायचं, मी पुन्हा कुठे दिसेन ते आधी सांगायचं आणि तिथे मला दाखवायचं, तेही दोन-तीनदा. मग कायमचा क्रमांक, मग नाव. भिंगताईनं ते ठरवूनच टाकलं होतं: धाकट्या बहिणीचं. धाकटीनं शाळा सोडून घर सांभाळलं, म्हणून थोरली शिकली होती.

"एवढा मोठा धोंडा, आणि नाव माझं? जाडी म्हणतेस का मला?" धाकटी म्हणाली खरी, पण त्याच दिवशी चार शेजारणींना सांगून आली.

सोळा महिन्यांनी मी पुन्हा समोर येणार होतो. दुर्बिणीच्या एका तासासाठी भिंगताईनं साहेबांच्या नाकदुऱ्या काढल्या. आकडेमोड करून तिचे डोळे सुजले होते. धाकटी म्हणाली, दे, दुर्बिणीवर द्यायची चिठ्ठी मी उतरवते, माझं अक्षर चांगलं आहे. अक्षर चांगलंच होतं. फक्त थोरलीनं घाईत काढलेला एक तिला नऊ दिसला. दुर्बीण आठ अंश पलीकडे वळली. काचेवर तारे आले, मी आलो नाही. मी जिथे असायला हवं तिथेच होतो.

साहेबांनी भिंगताईला मोजणीवरून काढून जुन्या काचा पुसायला बसवलं. तीन महिन्यांनी, दुर्बिणीकडून परत आलेल्या कागदांत धाकटीनं लिहिलेली ती चिठ्ठी तिच्या हाती लागली, आणि तिला तो नऊ दिसला. तोवर मी सूर्याआड चाललो होतो. घरी तिनं एवढंच सांगितलं, "माझं गणित चुकलं."

सहा वर्षांनी साहेबांना मी आयता सापडलो. आता ढेकणाचा शोध झाला. यथावकाश क्रमांक मिळाला, आणि वेधशाळेला नवी इमारत बांधून देणाऱ्या गृहस्थांच्या सासऱ्यांचं नाव मला चिकटलं. भिंगताईनं जुनी वही आणि चिठ्ठी काढली, नऊचा एक केला, आणि सगळं तंतोतंत जुळलं. ते साहेबांपुढे ठेवायचाच अवकाश होता. पण मग चूक कुणाच्या हातून झाली तेही बाहेर आलं असतं. आपल्यामुळे ताईची नोकरी धुळीला मिळाली, हे धाकटीला कळलं असतं. तिनं वही मिटली. मला तिचा राग आला, अजूनही येतो. तिनं माझा विचारच केला नाही.

पेपरात बातमी आली ती धाकटीनंच मोठ्यानं वाचली. मग म्हणाली, "तुझं गणित कधी चुकत नाही. नेमकं तेव्हाच कसं गं चुकलं?"

"होतं असं," भिंगताई म्हणाली.

धाकटीनं तो पेपर कपाटाच्या फळीवर अंथरला आणि त्यावर डबे मांडले.

तुम्ही कधी यादीत मला शोधलंत, तर एक विनंती आहे. ते सासऱ्यांचं नाव घेऊ नका, क्रमांकावर भागवा. माझं खरं नाव मला ठाऊक आहे. पण ते मी सांगणार नाही. भिंगताई हेसुद्धा मी बदलून सांगितलंय. धाकटी अजून आहे, आणि हाती येईल ते वाचते.