भागूची दाढ

संताजीरावांनी आपलंच तोंड उघडलं, आत बोट घातलं आणि बायकोची कुठली दाढ दुखते ते डॉक्टरीणबाईंना दाखवलं.

"ही बघा. खालची, डावीकडची, शेवटून दुसरी."

खुर्चीत आडवी पडलेली भाग्यलक्ष्मी छताकडे बघत होती. तिचं तोंड मिटलेलंच होतं.

"काका, दाढ मावशींची आहे की," कावेरी डॉक्टर म्हणाल्या. त्या निपाणीकडच्या. चिकपेटात साड्यांच्या घाऊक दुकानांवरच्या माडीत त्यांचा दवाखाना. मराठी पेशंट आला की त्यांना माहेरचं कुणी आल्यासारखं वाटे. संताजीराव आले की तितकंसं वाटत नसे.

"तिचं काय नि माझं काय! आणि ही दाढ साधी नव्हे हं. ठणकायला लागली की गल्लीतली कुत्री भुंकायची थांबतात. परवा तर मेट्रो चिकपेटला न थांबताच पुढं गेली. विचारा हिला!"

भाग्यलक्ष्मीनं मान हलवली.

ही मान साऱ्या पेठेत ठाऊक होती. संध्याकाळी संताजीरावांच्या दुकानाच्या कट्ट्यावर माणसं जमत, ती काही कापड घ्यायला नव्हे. थापेला साक्षीदार नसेल तर ती थापच राहते. साक्षीदार उभा केला की तिची हकिकत होते. देवनहळ्ळीच्या किल्ल्यात बिबट्यानं संताजीरावांच्या हातचं केळं खाल्लं, विचारा भागूला. त्यांच्या आजोबांनी तलवारीनं पावसाची धार तोडली, विचारा भागूला. तेव्हा भागू जन्मलीही नव्हती. पण पडद्याआडून चहा घेऊन ती बाहेर यायची, मान हलवायची, आणि कट्टा खूश व्हायचा.

कावेरीबाईंनी एक्स-रे दिव्यापुढं धरला.

"मागच्या खेपेला तुम्हीच सांगितलं होतं, थंड लागलं की क्षणभर कळ येते, मग गप्प. मावशींनी मान हलवली. मी खालच्या दाढेत सिमेंट भरून पाठवलं. न तपासता भरलं, ही माझीही चूक. आज तसं नको."

"मग? ती कळ गप्पच होते की."

"ते मावशी सांगतील. तुम्ही स्वल्प बाहेर बसा."

"मी?"

"हां, सरी, काका, तुम्हीच. बाहेर."

बाहेरच्या बाकावर गालाला रुमाल बांधलेला एक जण बसला होता. म्हणजे ऐकायला कान तयार आणि मधे बोलायला तोंड नाही. असा श्रोता देवानंच धाडायचा! संताजीरावांनी बिबट्या बाहेर काढला.

मधलं दार काचेचं होतं. बोलताबोलता त्यांचा एक डोळा आत होता. डॉक्टरांचा आवाज फटीतून येत होता.

"दाताच्या आत मऊ गर असतो, मावशी. त्यात शिरा असतात, रक्त असतं. हाताला सूज आली तर हात फुगतो. दाताला फुगायला जागाच नाही, चारी बाजूंनी भिंत. म्हणून आतल्या आत ठणका. वरचं दुखणं खाली कळतं, खालचं वर. आता मी गार कापूस लावते. दुखायला लागलं की हात वर करायचा, थांबलं की खाली. कापूस काढल्यावर लगेच थांबलं तर गर वाचेल. रेंगाळलं तर नाही वाचायचा."

खालच्या दाढेला कापूस लागला. भाग्यलक्ष्मीचा हात जरासा उठला आणि लगेच मांडीवर आला. संताजीराव खूश झाले.

"...तर बिबट्यानं केळं सोललं. स्वतः! सालीसकट खाईल तो बिबट्या कसला?"

मग कापूस वरच्या दाढेला लागला. हात वर गेला.

डॉक्टरांनी कापूस काढला, ताटलीत टाकला. हात वरच होता. त्यांनी हातमोजे नीट केले, नर्सला काहीतरी सांगितलं, पुन्हा वळून बघितलं. हात वरच. बोटं आखडली होती, पण हात खाली येत नव्हता.

"मंग?" रुमालवाला कसाबसा म्हणाला. "बिमट्याचं?"

संताजीरावांना पुढचं आठवेना. ते उठले आणि दार ढकलून आत गेले.

हात आता खाली आला होता.

"वरची आहे," कावेरीबाई म्हणाल्या. "आतला गर गेला म्हणायचा. मावशी, कधीपासून असं?"

"दसऱ्यापासून."

"काय बोलतेस!" संताजीराव म्हणाले. "दसऱ्याला तू पंगतीत बसून पुरणाची होळगी खाल्लीस. मी बघितलंय."

"उजवीकडून खाल्ली. तुमची माणसं जेवायला होती."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

भाग्यलक्ष्मीनं त्यांच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. तिला ती सवयच नव्हती.

"सांगितलं होतं. तुम्ही त्याची गोष्ट केलीत. कट्ट्यावर गुंडोअण्णांना ऐकवलीत, कुत्री, मेट्रो. सगळे हसले. मग मीही हसले."

नर्सनं नळ सोडला आणि उगाच हात धुतले.

संताजीराव खाकरले. "असं करा डॉक्टर, उपटूनच टाका ती. म्हातारपणी कशाला ताप? आमच्या पणजोबांनी तर दाराला दोरी बांधून..."

"दाढ राहू दे," भाग्यलक्ष्मी म्हणाली. ती डॉक्टरांशी बोलत होती. "आतलं तेवढं काढता येतं ना?"

"येतं. गर काढून आतून साफ करते. दोन-तीनदा यावं लागेल, मग वर टोपी बसवू."

"मग त्या दाढेला काही कळणार नाही?"

"थंड नाही, गरम नाही. चावायला मात्र पहिल्यासारखी चालेल."

"बरं," ती म्हणाली. "मला तेवढंच पाहिजे."

आणि तिनं आपण होऊन तोंड उघडलं.

संध्याकाळी ती दोघं दुकानाशी परतली तेव्हा कट्टा भरलेला होता. समोरच्या जरीवाल्या गुंडोअण्णांनी सरकून जागा केली. कौशल्याबाई फुलांची टोपली खाली ठेवून आल्या. संताजीराव बसले, मांडीवर हात ठेवले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले.

"काय झालं? पाडली का अक्कांची ती तोफेसारखी दाढ?" गुंडोअण्णांनी विचारलं.

संताजीरावांनी भाग्यलक्ष्मीकडे बघितलं.

भाग्यलक्ष्मी पडद्यापाशी गेली नाही. कट्ट्याच्या कडेला टेकली. अर्धं तोंड बधिर होतं, ओठ एका बाजूला ओघळला होता. शब्द तुटके येत होते.

"दाढ वरची होती," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. दसऱ्यापासूनचं. गालाखाली पितळेचा तांब्या घेऊन झोपायची ते. फोडणी देताना वाफ लागली की कढई सोडून भिंत धरायची ते. लवंग ठेवून ठेवून जीभ भाजली ते. कापूस, हात, इंजेक्शन. त्यात ना कुत्री होती, ना मेट्रो. मधेच थांबून ती ओठ पुसायची आणि पुढं सांगायची. कौशल्याबाई हातातली माळ तशीच धरून उभ्या होत्या. कुणी हसलं नाही.

त्या सबंध हकिकतीत संताजीरावांचं नाव एकदाही आलं नाही.