बाटलीची कावीळ

पाचोडच्या घरात कडूबाई आजी खाटेवर पडल्या पडल्या गुणगुणायची. करुणाच्या कानात तो आवाज अजून आहे:

जाणाऱ्या वाटसरा, माझ्या आईला सांग काय?
पायी रुतला काटा, तरी लेक बरी हाय.

कुणी विचारपूस करायला आलं की आजीचं एकच उत्तर, "बरं हाय." अंगात उठून बसायचं बळ नसलं तरी "बरं हाय." विचारणाऱ्याच्या जिवाला घोर लावू नये, ही त्या घराची रीत. करुणा कॉलेजसाठी शहरात आली, तेव्हा अंथरुणाच्या वळकटीत ती रीतही बांधून घेऊन आली.

यंदा शहरात कावीळ पसरली. गटाराचं पाणी कुठंतरी नळाच्या पाइपात शिरलं आणि खोल्या करून राहणारी पोरंपोरी पिवळी पडू लागली. मेस बंद झाल्या. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरोजिनी मॅडमनी कॉलेजच्या आवारात पाणी उकळायला पातेली चढवली, मुगाची खिचडी सुरू केली आणि रोज खोल्याखोल्यांतून फिरून त्या विचारू लागल्या, "कसं वाटतंय?"

"बरं हाय, मॅडम." करुणा खाली मान घालून सांगायची. मान वर केली असती तर डोळे दिसले असते. चुलत्यानं फोनवर बजावलं होतं, "आजारी पडलीस तर सरळ घरी आणीन. शिक्षण बास!"

तिची रूममेट हिमानी मात्र डोळे बघत होती. ती तिला दवाखान्यात नेणार, तेवढ्यात कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्या तात्यासाहेबांचं नाव सांगितलं आणि दोघी तिकडं गेल्या.

हर्सूलला तळ्याकाठी तात्यासाहेबांचा मांडव. ही गर्दी! पुढं परात, परातीशेजारी दोन तांबे. एकात 'ओढपाणी', दुसऱ्यात 'सोडपाणी'. आणि तात्यासाहेबांच्या तोंडात तिसरं, बडबडीचं, कधीच न आटणारं.

"आओ, आओ! डॉक्टर काय काढतो? रक्त काढतो, फोटो काढतो, शेवटी जीव काढतो! कावीळ कोण काढतो?"

"तात्यासाहेब!" गर्दी म्हणे.

ओढपाणी तळहाताला चोळायचं, वरून सोडपाणी सोडायचं. परातीत हळदीसारखी पिवळी धार. "उतरली! उतरली!" बाया हात जोडत.

"पथ्य एकच," तात्यासाहेब बोट उचलत. "दवाखान्याची पायरी चढलात, की उतरलेली कावीळ परत चढलीच म्हणून समजा."

करुणाचेही हात धुतले गेले. धार पिवळीजर्द पडली. ती मांडवाच्या खांबाला टेकून बसली आणि तिला झापड येऊ लागली. शेजारच्या खोलीतून पत्ता मिळताच सरोजिनी मॅडम रिक्षा करून आल्या, त्या याच वेळी.

"हिमानी, तू? बी.एस्सी.ची मुलगी तू!"

"मॅडम, मी माझ्या डोळ्यांनी पिवळं पाणी बघितलं हो."

"डोळ्यांनी बघितलंस, छान. आता डोकंही वापरू." मॅडमनी पदर खोचला आणि हात पुढं केले. "तात्यासाहेब, माझीही उतरवा."

"तुम्हाला कुठली कावीळ? डोळे कसे पांढरेशुभ्र!"

"लपली असेल."

गर्दीला तमाशा हवाच होता. "उतरवा की, तात्यासाहेब!"

उतरवली. धार पिवळी! तात्यासाहेबांनी लगेच संधी साधली. "बघा! शिकलेल्या बाईच्या अंगात सुद्धा मुरली होती!"

"बरं झालं काढलीत." मॅडम वाकल्या. तात्यासाहेबांच्या गादीमागं त्यांच्या स्वतःच्या पिण्याची सीलबंद बाटली होती. मॅडमनी ती उचलून परातीत ठेवली, बाटलीच्या सगळ्या अंगाला ओढपाणी चोळलं. "हिमानी, सोड सोडपाणी."

बाटलीवरून पिवळी धार वाहिली.

मागून एक म्हातारी म्हणाली, "आता गं बया! बाटलीला बी कावीळ?"

"अन् ती पण सीलबंद!" दुसरा ओरडला. "मियाँ, आप खुद बाटलीचं पीते, आम्हाला परातीचं?"

मॅडम समजावू लागल्या, "हे ओढपाणी म्हणजे आंब्याच्या झाडाच्या आतल्या सालीचा रस. सोडपाणी म्हणजे चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आली की पिवळी होतात. हातावर करा, बाटलीवर करा. रक्तातलं पिवळेपण हात धुऊन निघत नाही. पुष्कळांची कावीळ विश्रांतीनं आपोआप बरी होते, श्रेय परातीला जातं. ज्यांची होत नाही, ते तक्रार करायला इथं परत येत नाहीत. पाणी उकळून प्या, डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा. आणि चमत्कार दिसला की आधी विचारा, हाच चमत्कार बाटलीवर होतो का?"

तात्यासाहेबांनी अजून हार मानली नव्हती. त्यांनी करुणाकडं बोट केलं. "किताबी गोष्टी राहू द्या! या पोरीची आत्ताच उतरवली. तिलाच विचारा. काय गं बाळ, बरं हाय ना?"

सगळा मांडव तिच्याकडं वळला. आजीचे दोन शब्द तिच्या ओठांवर आले. एवढी माणसं विचारत होती. नाही कसं म्हणायचं?

मॅडम तिच्यापुढं उकिडव्या बसल्या. "माझं मन राखू नकोस, करुणा. यांचंही नको. खरं काय ते सांग. तुझ्या चुलत्यांशी मी बोलते, परीक्षेचं मी बघते."

करुणानं मान वर केली. झेंडूसारखे पिवळे डोळे पहिल्यांदाच सगळ्यांना दिसले.

"बरं नाय, मॅडम," ती म्हणाली. "लई दिवसांपासून नाय. पोटात पाणी ठरत नाय. आज वार कोणता ते बी आठवत नाय. मला घाटी दवाखान्यात न्या... पण घरी नका पाठवू. मला शिकायचंय."