जकात कचेरीतलं गाऱ्हाणं

गोरा साहेब देश सोडून गेला तेव्हापासून बंदराजवळच्या जुन्या जकात कचेरीला कुणी वाली उरला नव्हता. भिंतीत वडाची मुळं, माळ्यावर वटवाघळं. अक्षयाने ती भाड्याने घेतली, जांभ्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा दिला, सागवानी तुळया घासून त्यांना तेल पाजलं आणि दारावर पाटी लावली : ‘मेक्सिकन खाणं’. झालं! साऱ्या आळीच्या पोटात दुखायला लागलं.

बोटीवर नोकरीला गेलेला पुरुष रत्नागिरीत घरटी एक सापडेल. त्याने परदेशी साबण आणि चॉकलेटं आणली की त्याचं कोण कौतुक. या पोरीने बोटीच्या भटारखान्यात राबून परमुलखाची रांधणी शिकून आणली, तर म्हणे हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

उद्घाटनाच्या सकाळी खरा पेच पडला. इकडे नव्या जागेत चूल पेटवायची तर आधी गाऱ्हाणं लागतं. नारळ ठेवून जागेच्या राखणदार देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी वाक्यागणिक ‘होय म्हाराजा’ म्हणून साक्ष द्यायची. गाऱ्हाणं घालायचा मान अक्षयाच्या चुलत्याचा, काशीरामकाकांचा. आणि काका तर पडवीत हाताची घडी घालून उभे.

“मी नाय घालणार,” ते म्हणाले. “इमारत गोऱ्याची, जेवण तिसऱ्याच मुलखाचं. देवाला सांगू काय? पाटीवर मासळी थाळी लिव, मग बघू.”

थाळी लिहायला कितीसा वेळ लागतो? पण आज थाळी लिहिली की उद्या थाळीच उरणार, हे अक्षयाला पक्कं ठाऊक होतं. मग एवढी वर्षं परक्या चुलीपुढे घाम गाळला तो कशासाठी? आत रांधायला मदतीला आलेल्या जनीवहिनीने मक्याच्या भाकऱ्यांचं पीठ मळून ठेवलं होतं, पण ती काडी ओढायला तयार नव्हती. “माजी काय ना नाय गो बाय,” ती हळूच म्हणाली, “पण देवाला न सांगता चूल कशी पेटवू?” बाहेर आमंत्रणाची माणसं ताटकळली होती. अक्षयाला रडू येत होतं आणि रागही येत होता. शेवटी राग वरचढ ठरला.

“काका, शेवटचं विचारते. घालता?”

काकांनी समुद्राकडे तोंड फिरवलं.

“मग मीच घालते.”

तिने पदर खोचला, नारळ उंबऱ्यापुढे ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. “बा देवा म्हाराजा! आज तुज्या लेकीनं ह्या पडक्या वास्तूत दिवा लावलाय, तो सांभाळ रे म्हाराजा!”

कुणी हूं की चूं केलं नाही. बाईने गाऱ्हाणं घातलेलं कुणी ऐकलं होतं? अक्षयाने मान वर केली आणि स्वतःच म्हणाली, “होय म्हाराजा!”

“हा मका, ही मिरची, हा टोमॅटो साता समुद्रापलीकडून आला, तुज्या मुलखात रुजला, तुज्या लेकरांनी पोटभर खाल्ला. तवा तू ना म्हणाला नाहीस, आता पण म्हणू नको रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” आतून जनीवहिनी ओरडली. मग मागच्या बायका. मग कुणीकुणी पुरुषही, जरा चाचरत. गाऱ्हाण्याला एक ठेका असतो, तो पायातून वर चढतो. काकांनी तर जन्मभर शिमग्याच्या पालखीपुढे हेच केलेलं.

अक्षयाचा आवाज चढला. “आनि जो कोण ह्या कामात आडवा येत असंल, त्याचा आडवेपना मोडून काढ रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

सगळ्यात मोठा आवाज काकांचा होता.

मग जो हशा उसळला! काकांनी तोंडावर हात नेला, पण गेला शब्द परत येतो थोडाच? देवापुढची साक्ष मागे घेता येत नाही, हे सगळ्यांना त्यांनीच तर बजावलेलं.

“जिभेला सवय लागलीय गो,” ते कसेबसे म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. “आण तो नारळ. मी वाढवतो.”

“नको,” अक्षया म्हणाली. “गाऱ्हाणं मी घातलं, नारळपण मीच वाढवणार.” तिने जांभ्याच्या पायरीवर नारळ हाणला. एका घावात दोन भकलं. आत जनीवहिनीने काडी ओढली.

काका अजून पडवीतच घुटमळत होते. “मंग थाळी?”

“नाय लिहिणार, काका. आज नाय आणि उद्यापण नाय.” तिने खुर्ची पुढे सरकवली. “बसा. पहिलं पान मानकऱ्याचं. पण पानात पडणार ते पाटीवर लिहिलंय तेच.”

काका बसले.